संध्याकाळचं गिऱ्हाईक

आमच्या अण्णांना दुकानात शिरलं की तहान लागायची.

घरून तांब्याभर पाणी पिऊन निघालेले असोत, थंडीचे दिवस असोत, काही फरक पडायचा नाही. पायरी चढायची, चपला काढायच्या, गादीवर ऐसपैस बसायचं आणि म्हणायचं, "शेठ, जरा पाणी सांगा." कापडाच्या दुकानात पाणी, भांड्यांच्या दुकानात पाणी, चपलांच्या दुकानात पाणी. एकदा घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीतसुद्धा त्यांनी पाणी मागितलं. त्या बिचाऱ्याकडे पेलाच नव्हता. तो समोरच्या चहावाल्याकडे पेला मागायला गेला आणि तोवर अण्णा त्याच्या खुर्चीत बसून दुकान राखत होते. तेवढ्यात आलेल्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी "उद्या या" म्हणून परतसुद्धा लावलं.

असे सात-आठ ग्लास झाले की परतताना भिगवण चौकात अण्णांची चाल बदलायची. आई पदराआड हसू दाबत म्हणायची, "प्या अजून!"

अण्णा म्हणजे माझे वडील. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. दिवसभर खाकी कपडे, कमरेला पक्कड, सायकलला तारेचं भेंडोळं आणि स्वतः कुठल्या तरी खांबावर. बारामतीतल्या दुकानदारांना तेव्हा एक वेळ जावई रुसलेला चालायचा, पण लाइनमन रुसलेला चालत नसे. पण साडेपाचला घरी आले, आंघोळ केली, स्वतः इस्त्री केलेला पांढरा शर्ट चढवला, की टेलिफोनचं नाव काढायचं नाही. वाटेत कुणी गाठून म्हणालं, "लाइनमनसाहेब, आमचा फोन कालपासनं मुका आहे," तर अण्णा छाती पुढे काढून सांगायचे, "सकाळी सांगा. आत्ता मी गिऱ्हाईक हाय."

हे वाक्य ते ज्या थाटात म्हणायचे, त्या थाटात लोक आपली मोठमोठी पदं सांगत नाहीत.

तर रोज संध्याकाळी हे गिऱ्हाईक सहकुटुंब निघायचं. पुढे अण्णा, मागे आई, तिच्या मागे मी, आणि माझ्या वेणीला धरून माझा धाकटा भाऊ मिलिंद. आमच्या आमराई वस्तीतून निघायचं, गुनवडी चौक, मारवाड पेठ, स्टेशन रोड असं करत दिवेलागणीनंतर घरी. आई पहिल्या पहिल्यांदा विचारायची, "आज काय घ्यायचंय?" अण्णांना त्या प्रश्नाचा राग यायचा. "घ्यायचंच असलं म्हंजी जायाचं व्हय? बघायचं. हात लावून बघायचं. नीट नेस ते पातळ, चल."

अण्णांचे नियम होते. उभ्यानं काही बघायचं नाही, आधी बसायचं. काचेतून दाखवलेलं बघायचं नाही, हातात घ्यायचं. आणि न घेता उठताना तोंड पाडायचं नाही. "आवडलं न्हाय म्हणून सांगायचं. गिऱ्हाइकाला न आवडायचा हक्क हाय." घरात हाय-न्हाय करणारे अण्णा दुकानाची पायरी चढले की आहे-नाही करायचे. फक्त रागावले की पायरी विसरायचे.

गादी कारखानदाराकडे तर त्यांनी कहर केला होता. चारही गाद्या अंथरायला लावल्या आणि एकेकीवर आम्हा सगळ्यांना झोपवलं. आई नाही म्हणाली. ती दुकानाबाहेरच्या भिंतीवरची जाहिरात मन लावून वाचायला लागली. मिलिंद तिसऱ्या गादीवर खरोखरच झोपला. दुकानदार म्हणाला, "उठवा की त्याला." अण्णा म्हणाले, "असू द्या. गादी चांगली आहे म्हणायची." मग अर्धा तास ते त्याच्या उशाशी बसून कापसाच्या प्रतीबद्दल बोलत राहिले, पाणी प्याले, आणि शेवटी मिलिंदला खांद्यावर टाकून "रंग नाही आवडला" असं सांगून निघाले. आम्ही तेव्हा घोंगडीवर झोपायचो.

भांड्यांच्या दुकानात पातेली बोटाच्या पेरानं वाजवायची आणि कान लावून ऐकायचं. चपलांच्या दुकानात दर दोन महिन्यांनी पायाचं माप द्यायचं. दुकानदार म्हणायचा, "अहो, आठच नंबर आहे तुमचा, मला पाठ झालाय." तरी अण्णा पाय पुढे करून म्हणायचे, "मोजा. माणूस बदलत असतो." कधीमधी खरेदी व्हायची. एखादा रुमाल, एखादी चहाची गाळणी. मग ती दुकानाच्या नावाच्या पिशवीत घालून घ्यायची आणि नाव बाहेरून दिसेल अशी धरून मारवाड पेठेतून हळूहळू चालायचं. गाळणीसाठी एवढी मोठी पिशवी देताना दुकानदाराच्या जिवावर यायचं, पण फोन त्याच्याही दुकानात होता.

त्या सगळ्यांत आमचे खरे कांतीशेठ. गुनवडी चौकापुढे त्यांचं कापडाचं दुकान होतं. रस्त्यापासून तीन पायऱ्या वर, आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र गादी. गोल अंगाचा, दम लागणारा, मऊ माणूस. आम्ही वळणावर दिसलो की तेच आतल्या पोऱ्याला सांगायचे, "पाणी भर रे, पाणी." पुढचा तासभर कापडांचे तागे उलगडायचे आणि शेवटी अण्णा उठले की स्वतःच म्हणायचे, "नाही ना आवडलं? राहू दे, राहू दे. उद्या नवीन माल येतोय."

मी आठवीत गेले आणि मला या सगळ्याची लाज वाटायला लागली.

दिवाळीच्या तोंडावर कांतीशेठकडे गर्दी होती. माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर आली होती, आणि ती खरंच काहीतरी घेत होती. अण्णांनी त्या गर्दीत शर्टाची तीसेक कापडं काढायला लावली. दोनदा पाणी मागितलं. एकेक कापड दोन बोटांत चोळून, उजेडाला धरून, "नाही आवडलं" म्हणून उठले. ती मुलगी आईच्या कानात काहीतरी बोलली आणि फिसकन हसली. माझे कान तापले. घरी आल्याआल्या मी दप्तर आपटून म्हणाले, "मी उद्यापासून येणार नाही. सगळे आपल्याला फुकटे म्हणतात. घ्यायचं नसतं तर कशाला जायचं लोकांच्या दुकानात?"

मला वाटलं, एक थोबाडीत बसेल. अण्णांनी शर्ट काढला, झटकला, खुंटीला अडकवला आणि ताटावर बसले. भाकरीचे तुकडे करत राहिले, खाल्ले मात्र दोनच.

आईनं मला चुलीपाशी बोलावलं. म्हणाली, "बस हितं. तुला आज सांगते. लग्न झाल्यावर त्यांनी मला एकदा सांगितलंय, पुन्हा कधी त्याचं नाव काढलं न्हाय."

अण्णा सहा वर्षांचे होते. शाळेत नाव घातलं होतं आणि अंगाला धड सदरा नव्हता. म्हणून त्यांची आई, म्हणजे माझी कळसची आजी, त्यांना घेऊन इंदापूरच्या बाजाराला गेली. त्या काळी आपल्या माणसांनी दुकानाच्या पायरीखाली, रस्त्यावर उभं राहायचं. खालून बोट दाखवायचं, वरून कापड फेकलं जायचं. ओच्यात झेलायचं आणि घरी न्यायचं. अण्णा लहान पोर. त्यांना एक फुलाफुलांचं कापड दिसलं, ते तुरूतुरू पायऱ्या चढून गेले आणि त्यांनी त्या कापडावर हात ठेवला.

मग व्हायचं ते झालं. दुकानातला माणूस धावून आला. अण्णांना त्यानं बकोटीला धरून खाली लोटलं, आणि आजीला भर बाजारात अशा शिव्या दिल्या, की आईनं त्या मला सांगितल्या नाहीत. आजी रस्त्यावर हात जोडून उभी होती. अण्णा तिच्या पायाला मिठी मारून वर तिच्या तोंडाकडे बघत होते. पोरानं हात लावला म्हणून ते कापड आजीला घ्यावंच लागलं, आणि ते बायकांच्या झंपराचं निघालं.

"मग?"

"मग काय. त्याचाच सदरा शिवला. पहिलीचं सगळं वर्ष तुझा बाप बायकी फुलांचा सदरा घालून शाळेत गेला. येताना तहान लागली हुती म्हणं त्याला. इंदापूर ते कळस, पण पाणी माग म्हणला न्हाय आईला. कुणाच्या दारात मागावं लागंल म्हणून."

मला हसू आलं सदऱ्याचं, आणि हसता हसता रडू फुटलं. आत अण्णा अजून ताटावर बसले होते. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी वेणी घालून सगळ्यांच्या आधी दारात उभी होते. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसतं म्हणाले, "रिबीन वाकडी हाय."

आता आजीबद्दल सांगायला हवं, कारण अण्णांचा सगळा जीव जिथं अडकला होता ती गोष्ट आजीपाशी होती.

आजी कळसला एकटी राहायची. दोन शेळ्या, जरासं रान. भित्री म्हणाल तर अजिबात नाही. वस्तीवर नळ येत नव्हता तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन तिनं टेबलावर अशी काही थाप मारली होती, की ग्रामसेवकाची दौत सांडली. नळ आला. कंडक्टर सुटे द्यायला कुरकुरला तर ती एसटी थांबवायची. उन्हाळ्यात भुईमुगाच्या शेंगांचं बोचकं घेऊन आमच्याकडे यायची आणि पंधरा दिवसांत सगळ्या आमराईला तिचं नाव माहीत व्हायचं.

पण ही आजी दुकानाची पायरी चढायची नाही.

आमच्याबरोबर फिरायला यायची. आम्ही कांतीशेठच्या पायऱ्या चढलो की ती खाली रस्त्यावर थांबायची. अण्णा वरून हाक मारायचे, "आये, वर ये की."

"हितंच बरंय."

"अगं, ये वर!"

"गुडघं धरल्यात रं बाबा." त्याच सकाळी ती शेजारणीचे पापड वाळत घालायला दोन जिने चढून गच्चीवर गेलेली असायची. दुसऱ्या दिवशी कारण निराळं. "चपला कोण राखंल?" तिसऱ्या दिवशी, "आत पंख्याचं गार लागतंय." मे महिन्यात! मग ती समोरच्या शेंगावाल्याच्या गाडीपाशी उभी राहून गप्पा मारायची. आम्ही बाहेर येईपर्यंत तिला त्याच्या तिन्ही सुनांची नावं, माहेरं आणि खोड्या पाठ झालेल्या असायच्या.

आजी बाहेर उभी असली की अण्णांचं दुकानात लक्ष लागायचं नाही. पाणी मागायचे, ते हातात तसंच राहायचं. तागे उलगडले जायचे आणि ते दाराकडे बघत बसायचे. एकदा कांतीशेठना वाटलं, म्हातारीला खरंच गुडघ्यांचा त्रास आहे. चांगल्या मनानं त्यांनी पाच-सहा लुगडी हातावर घेतली आणि पायरीपर्यंत गेले. "आजी, तुम्ही नका त्रास घेऊ, मी खाली आणून दाखवतो."

"शेठ!" अण्णा केवढ्यांदा ओरडले. "वर घ्या ती! वर! रस्त्यावर न्हाय दाखवायची माझ्या आईला!"

कांतीशेठ लुगडी घेऊन तसेच मागे फिरले. त्यांना काही समजलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही, आणि याबद्दल मी त्या माणसाला आजही मानते.

घरी येताना अण्णा आजीला म्हणत होते, "आये, म्या काय मागतोय तुला? येकदा. गादीवर बसायचं, आपलं लुगडं आपल्या हातानं निवडायचं. बास. जन्मात दुसरं काय मागायचो न्हाय."

"लुगडी हायती की मला."

"लुगड्याचं कोण म्हणतंय!"

आजी पुढे चालत राहिली. अण्णा तिच्या मागून चालले होते आणि मला ते एकदम मिलिंदएवढे वाटले.

मी नववीत गेले त्या उन्हाळ्यात वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात मोठी वंदना होती. सगळ्या बायका पांढऱ्या पातळात. आजीचं पांढरं लुगडं विरून जाळी झालेलं. अण्णांनी ठरवलं, आता नाही सोडायचं. "मी आणून देणार न्हाय. तू निवडशील तेच घ्यायचं."

"मग जुनंच नेसंन."

"नेस. फाटकं नेसून बस सगळ्यांत पुढं."

"बसंन."

मायलेकरं दोघंही एकाच मातीची. तीन संध्याकाळी आम्ही कांतीशेठकडे गेलो. तिन्ही संध्याकाळी तोच तमाशा. "आये, वर ये की." "हितंच बरंय." आई वैतागून म्हणाली, "मी आणू का एक घेऊन? तुमचं दोघांचं होईस्तोवर पौर्णिमा जाईल." अण्णा म्हणाले, "तू मधी पडू नको." पौर्णिमेला दोन दिवस राहिले. अण्णांनी जेवणं कमी केली होती, आणि आजी मिश्री लावत ओट्यावर बसून राहायची.

त्या दिवशी वळवानं झोडपलं. भिगवणच्या रस्त्याला खांब आडवे झाले आणि अण्णा सकाळपासून तिकडे. संध्याकाळी आईनं मला कोथिंबीर आणायला धाडलं. आजी म्हणाली, "मी बी येते, पाय मोकळं हुतील."

कोथिंबीर घेऊन येताना कांतीशेठच्या दुकानासमोर आजी थांबली.

"तुझा बाप कुठंय गं?"

"खांबावर."

"नक्की?"

"भिगवणच्या रस्त्याला आहेत अण्णा. रात्र होईल यायला."

आजीनं रस्ता इकडून तिकडून बघितला. मग चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या आणि पायऱ्या चढायला लागली. मी कोथिंबीर छातीशी धरून तिच्या मागे. तिसऱ्या पायरीवर तिनं माझं मनगट धरलं. हात गार पडला होता.

कांतीशेठनी बघितलं मात्र, उठून उभे राहिले. "या आजी, या. पाणी आण रे!"

"मला न्हाय तहान," आजी म्हणाली. "पांढरी नऊवारी काढ."

आणि मग मी आजी बघितली! अण्णा तिच्यापुढे काहीच नव्हते. तिनं पांढऱ्यातली पांढरी उलगडायला लावली. सूत चोळलं, काठ ओढून बघितला, पदर उजेडाला धरला. "ह्यो पन्ना आखूड हाय. ह्येचा काठ धुतल्यावर आटतोय. ह्ये काय, मच्छरदाणी हाय का?" कांतीशेठना घाम फुटला, पण हसतही होते. माझ्या आणि दाराच्या मध्ये पातळांचा ढीग कमरेइतका झाला. अण्णा इथं हवे होते, असं मला फार वाटलं.

"आजी," मी हळूच विचारलं, "अण्णा एवढं म्हणतात, तर त्यांच्याबरोबर का नाही येत?"

तिनं हातातला काठ सोडला नाही. "त्येच्याम्होरं मला कुणी 'ऊठ' म्हणलं तर?"

"कोण म्हणणार आहे आता? सगळे ओळखतात अण्णांना."

"ठावं हाय गं मला. पर पायाला कोण सांगंल?" मग म्हणाली, "मला कुणी काय बी बोलू दे, मी धा जणांला पुरून उरंन. पर त्यानं येकदा बघितलंय. सा वर्साचं पोर, माझ्या तोंडाकडं बघत हुतं. ते तोंड मी अजून इसरले न्हाय. पुन्यांदा न्हाय बघू द्यायचं त्याला तसलं काय. तुझ्या बापाला सांगू नको मी आलती म्हणून."

मी मान हलवली आणि उजेड किती राहिलाय ते बघायला दाराकडे वळले.

समोर रस्त्यावर, शेंगावाल्याच्या गाडीपाशी, अण्णा उभे होते.

खाकी कपडे चिखलानं भरलेले, कमरेला पक्कड, हातात सायकल. काम लवकर उरकलं असणार आणि पेठेतून घरी निघाले असणार. ते दुकानात बघत होते. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर त्यांनी झटकन मान हलवली. नको. हाक मारू नको.

आजी मागे वळली की ते गाडीच्या आडोशाला सरकायचे, तिनं पाठ केली की पुन्हा पुढे यायचे. बारामतीतल्या एकाही दुकानाबाहेर मिनिटभर उभा न राहिलेला माणूस, आजीच्या जागेवर तासभर उभा होता. पलीकडच्या भांडीवाल्यानं त्यांना बघून आरोळी ठोकली, "अहो, खाली काय उभे? वर या, पाणी घ्या!" अण्णांनी घाईघाईनं त्याला हातानंच गप्प केलं. ते चढून आले असते, तर आजी उठली असती. त्यांना ते माहीत होतं. कसं माहीत होतं, मला आजही कळलेलं नाही. आपल्या आईचं माणसाला माहीत असतं, एवढंच.

आजीनं शेवटी बारीक निळ्या काठाचं लुगडं निवडलं. ती चपला घालायला वाकली, तेव्हा अण्णा सायकलवर टांग टाकून उलट्या दिशेनं निघून गेले. आमच्यानंतर अर्ध्या तासानं घरी आले, दमल्यासारखं करत.

"आज काय आणलं म्हणायचं?"

"सुजीनं आणलं लुगडं," आजी माझ्याकडे बोट करून मिश्रीची डबी उघडत म्हणाली. "मी आपली खालीच हुते."

अण्णांनी हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले. मग लुगड्याची घडी मांडीवर घेतली. काठावरून बोट फिरवत राहिले. "पोरीची निवड चांगली हाय," म्हणाले, आणि उठून मोरीत गेले. बराच वेळ तोंड धूत होते.

मजा पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही निघालो. कांतीशेठच्या दुकानातून अण्णांनी नेहमीसारखी हाक दिली, "आये, वर ये की." आजी म्हणाली, "हितंच बरंय." कांतीशेठ काही न विचारता तागे उलगडत राहिले. ती हाक थांबली असती तर आजीला संशय आला असता. म्हणून पुढे आजी होती तितके उन्हाळे अण्णा तिला हाक मारत राहिले आणि ती नाही म्हणत राहिली. दोघंही इतकं मनापासून करायचे, की मधूनमधून मलाच वाटायचं, ती संध्याकाळ मला स्वप्नात दिसली असेल. कितीदा जिभेवर आलं. सांगून टाकावं दोघांना, बसावं तिघांनी एकत्र त्या गादीवर. पण दोघांनीही मला नको म्हटलं होतं.

मी बारावीत असताना आजी गेली. कळसला पुण्यानुमोदन झालं, आम्ही बारामतीला परतलो. काही दिवस अण्णा ड्यूटीवरून आले की भिंतीला टेकून बसायचे. मग एक दिवस त्यांनी शर्टाला इस्त्री केली आणि मला म्हणाले, "चल गं, फिरून येऊ." आई घरीच थांबली. आम्ही दोघंच निघालो. अण्णा कुठल्याच दुकानात शिरले नाहीत. कांतीशेठच्या समोर मात्र थांबले, रस्त्यावरच, आजी थांबायची तिथं.

त्या संध्याकाळबद्दल आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. अण्णा दुकानाकडे बघत म्हणाले, "सुजे, त्या दिवशी मधी पातळांचा ढीग हुता. मला हितनं तिचं डोकंच दिसत हुतं निस्तं. कशी बसली हुती गं ती?"

"मांडी घालून."

"कडंला?"

"नाही अण्णा. गादीच्या मधोमध."

"टेकली हुती?"

"लोडाला टेकली होती. नंतर पाय पण पसरले. शेठ आड येत होते, तर त्यांना म्हणाली, सरक की जरा पलीकडं."

"सरक म्हणली?"

"हो."

"शेठला?"

"हो अण्णा. आणि शेठ सरकले."

अण्णा हसायला लागले. हसता हसता त्यांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, एक, मग दुसरा. रस्त्यावरून माणसं जात होती, ओळखीचे दुकानदार हात करत होते, त्यांचं कुणाकडे लक्ष नव्हतं.

"पयल्यापासनं सांग," अण्णा म्हणाले.

मी पहिल्यापासून सांगायला लागले.